पानांतून विणलेला उन्हाळा: फिलिपिन्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

माझे आजोबा अर्ध्या बाह्यांच्या, विजारीबाहेर सोडलेल्या सदऱ्याला 'मनिला' म्हणायचे. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांच्या तोंडी तो शब्द होता. मनिला हे एका शहराचं नाव आहे हे मला शाळेत भूगोलाच्या तासाला कळलं, आणि त्याच शहरात आपण राहायला येऊ असं तर स्वप्नातही नव्हतं. इथला पहिला मार्च अनुभवला तेव्हा आजोबांचा तो सदरा मला नीट समजला. सकाळी आठ वाजताच कपडा अंगाला चिकटायला लागतो, हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी जड असते, आणि रस्त्याने जाणारी माणसं सैल, वारा खेळेल असं काहीतरी घालून चाललेली असतात.

नोकरीसाठी, डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी किंवा जोडीदारामागून इथे आलेली आपली माणसं पहिला उन्हाळा बहुधा मॉलच्या गारव्यात काढतात. मीही तसाच काढला, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. कारण या देशाने उकाड्याला दिलेलं उत्तर झाडांच्या पानांतून आलेलं आहे. अननसाच्या पानांचा सदरा, ताडाच्या देठांची टोपी, केवड्याच्या कुळातल्या पानांची पिशवी. सणाला घरांवर टांगतात ती तांदळाची नक्षीसुद्धा खऱ्या पानावरच आकार घेते. हे सगळं बघायचा, विकत घ्यायचा आणि अंगावर घालायचा हंगाम म्हणजे मार्च ते मे. त्याची वाट कशी धरायची ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: उन्हाचा आणि सणांचा हिशेब

इथे उन्हाळ्याला 'ताग-इनित' म्हणतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खेड्यांतली भटकंती अवघड होते, त्यामुळे जे करायचं ते त्याआधी. इथल्या हवामान खात्याचं नाव पागासा. हे खातं रोजच्या तापमानाबरोबर उष्मा निर्देशांकही सांगतं, म्हणजे दमटपणा धरून शरीराला प्रत्यक्षात किती गरम वाटेल तो आकडा. तो ४२ ते ५१ अंशांच्या दरम्यान असेल तर 'धोका' असा इशारा असतो, आणि एप्रिल-मेमध्ये असे दिवस बरेच येतात. विदर्भातून आलेल्यांना वाटतं, आम्हाला उन्हाचं काय सांगता! पण नागपूरचं ऊन कोरडं. इथे घाम वाळतच नाही, आणि त्रास त्यानेच होतो. बाहेरची कामं सकाळी सहा ते दहा, दुपार छपराखाली, आणि मग चार वाजल्यानंतर पुन्हा बाहेर, असा दिवस आखा. छत्री उन्हासाठी उघडायला इथे कोणीच लाजत नाही, पुरुषही नाहीत.

आता तारखा. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो. त्यातल्या गुरुवारी आणि शुक्रवारी दुकानं, संग्रहालयं, बरेच बाजार बंद असतात आणि गावी जाणाऱ्यांनी बसस्थानकं भरून वाहतात. त्या दिवसांत खरेदीचा बेत ठेवू नका. १५ मे हा शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचा दिवस, त्याच्यासाठी सगळा प्रवास आखावा इतका मोलाचा. आणि मे महिन्यात संध्याकाळच्या सांताक्रूझान मिरवणुका असतात, त्या तुमच्या घराजवळच मिळतील.

दुसरी पायरी: दहा-बारा शब्द

इंग्रजीवर इथे सहज निभावतं. पण विणकराच्या अंगणात किंवा बाजारातल्या टोपलीवाल्या बाईंशी इथल्या तगालोग भाषेतले चार शब्द बोललात तर माणसं वेगळ्याच मायेने बोलतात. वयाने थोड्या मोठ्या बाईला 'आते' म्हणायचं, पुरुषाला 'कुया'. आपलं ताई आणि दादाच. आजीच्या वयाच्या बाईला 'लोला'. वाक्यात 'पो' घातलं की आदर येतो, म्हणून किंमत विचारताना 'माग्कानो पो इतो?' म्हणा, नुसतं 'माग्कानो' म्हणू नका.

महाग हा शब्द तर तुम्हाला शिकावाच लागणार नाही. तगालोगमध्ये महागला 'महाल' म्हणतात, आणि तो संस्कृत 'महार्घ' वरून आला असं मानतात, म्हणजे आपल्या 'महाग'चा सख्खा भाऊ. त्यांनी त्यात आणखी एक अर्थ भरला: जे प्रिय आहे तेही महाल. घासाघिशीला 'तावाद' म्हणतात आणि क्षमेलाही तोच शब्द आहे. 'मे तावाद पा पो बा?' असं हसून विचारलं की दुकानदारीण शक्यतो थोडं कमी करते.

दोन गोष्टी मात्र आपल्या बाजारातून उचलून आणल्यासारख्या आहेत. दिवसाच्या पहिल्या विक्रीला इथे 'ब्वेना मानो' म्हणतात. आपली भवानी! सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून गेलात तर भाव चांगला मिळतो, पण मग काही न घेता उठायचं नाही, तेही आपल्यासारखंच. दुसरं म्हणजे 'सुकी', बांधलेलं गिऱ्हाईक. विशेष म्हणजे विकणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांना सुकी म्हणतात. एकाच बाईकडे तीन-चार वेळा गेलात की तुम्ही तिचे सुकी होता आणि मग ती स्वतःहून चांगला माल बाजूला काढून ठेवते.

तिसरी पायरी: एक दिवस मनिलात, डोळे तयार करायला

खेड्यात जाण्याआधी एक दिवस राष्ट्रीय संग्रहालयाला द्या. लुनेता उद्यानाजवळ त्याच्या तीन इमारती आहेत, प्रवेश विनामूल्य आहे. दुपारच्या उन्हात शिरायला याहून चांगली जागा नाही. ललित कलांच्या इमारतीत शिरताच हुआन लुनाचं 'स्पोलियारियम' समोर येतं. चार मीटरांहून उंच आणि साडेसात मीटरांहून रुंद असं हे चित्र. रोमच्या आखाड्यात मेलेल्या लढवय्यांना फरफटत नेत आहेत. १८८४ साली माद्रिदच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं, आणि स्पेनच्या सत्तेखालच्या फिलिपिनो तरुणांनी त्या फरफटीत आपला देश पाहिला. समोरच्या बाकावर बसून निवांत बघा.

पण आपल्या कामाची इमारत म्हणजे मानवशास्त्राची. तिथे कापडांचं दालन आहे. अननस, अबाका, सूत असे निरनिराळे धागे आणि त्यांवरची नक्षी तिथे जवळून दिसते. अबाका म्हणजे केळीची बहीण. हिचं फळ खाण्याच्या कामाचं नाही, पण खोडाच्या सोपटातून मजबूत धागा निघतो. जहाजांचे मनिला दोर याचेच. तोच धागा सोलून सोलून बारीक केला की अंगावर घालण्याजोगं कापड होतं. ही गोष्ट तिथे डोळ्यांनी पाहिलीत की पुढे बाजारात तुमची फसगत कमी होईल.

ऊन उतरल्यावर पासिग नदी ओलांडून एस्कोल्टा रस्त्यावर जा. ही मनिलाची जुनी व्यापारी पेठ. तिथली १९२८ची फर्स्ट युनायटेड बिल्डिंग आर्ट डेको धाटणीची आहे आणि ती आखणारा वास्तुविशारद आंद्रेस लुना दे सान पेद्रो हा चित्रकार हुआन लुनाचा मुलगा. सकाळी बापाचं चित्र, संध्याकाळी लेकाची इमारत. तिच्या तळमजल्यावर तरुण डिझायनर आणि छोट्या छापखान्यांनी आपली दुकानं थाटली आहेत. रविवार असेल तर मकातीतल्या लेगास्पी बाजारात सकाळी चक्कर मारा. तिथे खाण्याच्या ठेल्यांमध्येच हातमागाचं कापड आणि मातीची भांडी मिळतात.

रस्त्यावर आईस्क्रीमवाल्याची घंटा ऐकली तर थांबा. त्याला 'सोर्बेतेरो' म्हणतात. त्याची लाकडी गाडी रंगीत नक्षीने मढवलेली असते, आणि मी तिला लोककलाच मानते. उबे नावाच्या जांभळ्या कंदाचं, आंब्याचं आणि चक्क चीजचं आईस्क्रीम एकाच कोनात मागा.

चौथी पायरी: पिन्या ओळखायला शिका

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण फसगत इथेच होते, आणि माझीही झाली. आम्ही आलो त्या वर्षी नवऱ्याच्या सहकाऱ्याचं लग्न होतं. एका दुकानातून 'अस्सल पिन्या', म्हणजे अननसाच्या पानांचं कापड, म्हणून मी नवऱ्यासाठी बारोंग सदरा घेतला. लग्नात नवरा घामाने निथळत होता. नवऱ्या मुलाच्या आजीने जवळ येऊन सदऱ्याची किनार दोन बोटांत धरली, क्षणभर चोळली आणि हळूच मला म्हणाली, 'बाळा, हे प्लास्टिक आहे.' पुढच्या महिन्यात ती लोला मला स्वतः लुम्बान या गावी घेऊन गेली. खाली जे लिहिते ते बहुतेक तिने शिकवलेलं.

बारोंग तगालोग म्हणजे फिलिपिनो पुरुषांचा मानाचा सदरा. लांब बाह्या, छातीवर भरतकाम, पारदर्शक कापड, आणि नेहमी विजारीबाहेर. १९५३ मध्ये रामोन माग्सायसाय यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना तो घातला, तेव्हापासून त्याला सरकारदरबारीही मान आला. आपल्याकडे ज्यांच्या नावाचा पुरस्कार 'मॅगसेसे' म्हणून ओळखला जातो, तेच हे. स्पॅनिश लोकांनी हत्यार लपवता येऊ नये म्हणून सदरा बाहेर सोडायला लावला, अशी एक गोष्ट तुम्हाला हमखास ऐकवली जाईल. तिला कागदोपत्री आधार नाही, आणि मला ती आवडतही नाही. एवढ्या उकाड्याच्या देशात माणसाला सदरा बाहेर सोडायला कोणाचा हुकूम कशाला लागेल?

त्याचं सर्वांत उंची कापड पिन्या. अननस स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेतून इथे आला, पण त्याच्या पानांतून कापड काढण्याची कला इथल्या हातांनी कळसाला नेली. आक्लान प्रांतातल्या कालिबोच्या आसपास आजही हे काम चालतं, आणि २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने आक्लानच्या पिन्या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. काम असं चालतं: लांब पान फळीवर ठेवून फुटक्या चिनी बशीच्या धारेने खरवडतात, वरचा जाड धागा निघतो. मग नारळाच्या करवंटीच्या कडेने आतला केसासारखा बारीक धागा काढतात, त्याला 'लिनिवान' म्हणतात. धुतात, वाळवतात, विंचरतात. धागा पानाएवढाच लांब, म्हणून एकेक धागा दुसऱ्याला हाताने गाठ मारून जोडायचा. मग तो मागावर चढवायचा. दिवसभर बसलं तरी जेमतेम हातभर कापड होतं.

हे एकदा लक्षात घेतलं की ओळख सोपी होते. कापड उजेडासमोर धरा. खऱ्या पिन्यात कुठे कुठे बारीक गाठी दिसतात, धागे किंचित कमीजास्त जाड असतात. अगदी एकसारखं, गुळगुळीत दिसलं तर शंका घ्या. रंग पांढराशुभ्र नसतो, हस्तिदंती, लोण्यासारखा असतो. हाताला हलकं, थोडं ताठ आणि गार लागतं. पॉलिएस्टर घसरतं आणि पटकन गरम होतं. दुकानदाराची परवानगी असेल तर आतल्या शिवणीतला एक सुटा धागा जाळून बघा. झाडाचा धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, प्लास्टिक वितळून त्याचा कडक मणी बनतो.

पैठणी घेताना आपण उलटी बाजू बघतो ना, तसंच इथेही भरतकामाची उलटी बाजू बघा. हाताच्या कामात टाक्यांची लय थोडी बदलत जाते. मशीनच्या कामात मागे दुसऱ्या दोऱ्याची सलग, एकसारखी ओळ दिसते. आणि 'कलादो' शोधा. कापडातले काही धागे मोजून काढून टाकतात आणि उरलेले सुईने बांधून जाळी तयार करतात, त्याला कलादो म्हणतात. ती जाळी नुसती शोभेची नाही, तिच्यातून वारा आत येतो.

अस्सल पिन्याचा भाव कैक हजार पेसोंत जातो. पहिल्याच वर्षी तो घ्यायला हवा असं मुळीच नाही. रेशीम आणि पिन्या एकत्र विणलेलं 'पिन्या-सेदा' मधल्या भावाला मिळतं, आणि माझ्या मते नव्याने घेणाऱ्याला तेच योग्य. 'हुसी' हा शब्द मात्र जपून ऐका. पूर्वी ते चिनी रेशमाचं कापड होतं, आज त्या नावाखाली पुष्कळदा पॉलिएस्टर विकलं जातं. रोजच्या वापरासाठी अर्ध्या बाह्यांचा 'पोलो बारोंग' घ्या. आमच्या घरी त्याला अर्थातच मनिला म्हणतात.

पाचवी पायरी: तलावाकाठची गावं

मनिलाच्या ब्वेंदिया किंवा कुबाओ भागातून लगुना प्रांतातल्या सांता क्रूझला जाणारी पहाटेची बस पकडा. मुंबईच्या सांताक्रूझचंच नाव हे, पवित्र क्रूस. साधारण तीन तास लागतात, वाहतूक तुंबली तर जास्त. तिथून पुढे जीपनी. महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या लांब करून, रंगवून लोकांनी बनवलेली ही वाहनं. पैसे पुढच्या प्रवाशाच्या हाती द्यायचे, तो पुढे सरकवतो, सुट्टे तसेच परत येतात. उतरायचं असेल तेव्हा 'पारा पो!' म्हणायचं.

लुम्बान हे भरतकामाचं गाव. कापड आक्लानमधून येतं आणि इथल्या बायका ते लाकडी चौकटीवर ताणून त्यावर फुलं, वेली, कलादो भरतात. दुकानांपेक्षा घरांच्या पडव्या बघा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, विचारलंत तर बहुधा खुर्चीही पुढे करतील. सदरा शिवून घ्यायचा असेल तर माप इथेच द्या आणि खांद्याचं माप दोनदा घ्यायला लावा. पिन्या ताणलं जात नाही, खांदा चुकला तर सगळा सदरा चुकतो. मेच्या मिरवणुकीसाठी हवा असेल तर मार्चमध्येच सांगून ठेवा, मे महिन्यात त्यांना मान वर करायला फुरसत नसते. आणि घासाघीस इथे आवरती घ्या. बाजारातल्या चपलांवर तावाद मागणं वेगळं. जिच्या डोळ्यांवर या जाळीचा रोजचा ताण पडतो तिच्याकडे किंमत पाडून मागायला माझं तोंड उघडत नाही.

तिथून जवळच पाएते. 'पाएत' म्हणजे पटाशी, आणि गावभर लाकडावर पटाशी चालल्याचा आवाज येतो. संतांच्या मूर्ती, नौका, घोडे. इथेच लाकडी साच्यावर कागदाचे थर देऊन बनवलेली 'ताका' नावाची रंगीत खेळणी मिळतात. आपल्या कागदाच्या लगद्याच्या खेळण्यांसारखीच. मुलांसाठी यापेक्षा हलकी भेट नाही.

मागे फिरून पाग्सान्हानहून डोंगर चढायला लागलं की लुइसियाना येतं. इथे घराघरांत पांदान विणतात. आपल्या केवड्याच्या कुळातली ही पानं, काटे काढून, पट्ट्या करून, वाळवून, घोटून मऊ करतात आणि त्यांच्या चटया, पिशव्या, टोप्या होतात. बाजाराला नेण्याची चौकोनी विणलेली पिशवी म्हणजे 'बायोंग'. ती एक घ्याच. प्लास्टिकच्या दिसायला तशाच पिशव्याही सर्रास विकतात, म्हणून वास घेऊन बघा. खऱ्या पिशवीला वाळल्या गवताचा वास येतो. चपला हव्या असतील तर लिलिव गावाला जा, गात तायाव रस्त्यावर दुतर्फा फक्त चपलांची दुकानं आहेत.

सहावी पायरी: १५ मे, लुकबान

लुकबान केझॉन प्रांतात, बानाहाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. इथला सान इसिद्रोचा सण म्हणजे 'पाहियास'. पाहियासचा अर्थच सजावट. मिरवणूक ज्या रस्त्यांवरून जाते तिथलं प्रत्येक घर जमिनीपासून छपरापर्यंत पिकांनी मढवतात: भाताच्या लोंब्या, वांगी, मिरच्या, शेंगा, केळीचे घड, भोपळे, टोप्या, बायोंग. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, त्यामुळे निरनिराळ्या गल्ल्यांना पाळी मिळते. पीक देवापुढे आणायची ही रीत. शेजारच्या बुलाकान प्रांतात पुलिलान गावी याच सुमारास सजवलेले रेडे चर्चसमोर गुडघे टेकतात, त्याचे फोटो पाहिले तेव्हा मला गावाकडचा बैलपोळा आठवला.

आणि पाहियासचा प्राण म्हणजे 'किपिंग'. तांदळाचं रंगीत पातळ पीठ खऱ्या पानावर पसरतात, वाफवतात, सोलून काढतात आणि दाबून वाळवतात. शिरांसकट पानाचा ठसा उमटतो. ज्या घरांत उन्हाळ्यात पानावर तांदळाच्या फेण्या वाफवल्या आहेत, त्या घरातल्या माणसाला हे बघताना घरची गच्ची आठवल्याशिवाय राहायची नाही. फरक एवढाच की इथे लाल, पिवळी, हिरवी, गुलाबी अशी शेकडो पानं ओवून त्यांची झुंबरं करतात. त्यांना 'आरांग्या' म्हणतात. सकाळचं तिरपं ऊन त्यांतून आलं की सगळी भिंत काचेसारखी उजळते.

म्हणूनच सकाळी सातच्या आत तिथे असायला हवं. आदल्या रात्री गावात राहायची सोय काही महिने आधी करून ठेवा. ती नाहीच मिळाली तर तायाबास किंवा लुसेनाला राहून पहाटे निघा. नऊनंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि दहानंतर उन्हाने रंगही फिके दिसतात. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर आदल्या संध्याकाळी येऊन सजावट चढताना बघणं जास्त सुखाचं. गर्दी नकोच असेल तर सारियाया आणि तायाबास या शेजारच्या गावांतही त्याच दिवशी सान इसिद्रोचा सण असतो.

टोपी इथे घ्या. बुरी नावाच्या ताडाच्या पानांच्या देठातून 'बुंताल' हा गोरा, चिवट धागा काढतात आणि त्याची टोपी विणतात. लुकबान त्यासाठी नावाजलेलं आहे. चांगली टोपी हाताने हळूच दाबली तरी मोडत नाही, आणि वीण जितकी बारीक तितका भाव जास्त. मी घेतलेली टोपी पाच उन्हाळे वापरते आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. 'पान्सित हाबहाब' म्हणजे केळीच्या पानावरच्या नूडल्स, वर व्हिनेगर घालून, चमच्याशिवाय, पान थेट तोंडाला लावून खायच्या. त्यात डुकराचं मांस असतं आणि घरांवर टांगलेल्या सॉसेजमध्येही. शाकाहारी असाल तर 'वालांग कार्ने पो' म्हणजे मांस नको, असं सांगा, पण माशाचा सॉस तरीही पडू शकतो हे धरून चाला. केळी, उकडलेला मका, शहाळं आणि तळलेलं किपिंग यांवर दिवस छान निघतो. पिकलेला आंबा आणि केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, 'सुमान', एकत्र खा. हापूसची बरोबरी मी करणार नाही, पण झांबालेस किंवा गिमारासचा आंबा इतका गोड असतो की त्याला स्वतःचा मान द्यावाच लागतो.

सातवी पायरी: दूरच्या मागांचं कापड

सगळीकडे जायला जमत नाही, पण मनिलातही चांगलं कापड मिळतं. नेहमीच्या वापराला मी इलोकोस भागातलं 'इनाबेल' सुचवेन. हातमागाचं सुती कापड, धुवायला सोपं, पंचे, चादरी, सदरे सगळ्याला चालतं. त्यातली 'बिनाकोल' नक्षी बघताना भोवऱ्यात ओढल्यासारखं वाटतं. त्या भागातल्या विणकर माग्दालेना गामायो यांना २०१२ मध्ये राष्ट्रीय जिवंत वारसा हा सन्मान मिळाला. इलोइलोजवळच्या मिआगावचं 'हाब्लोन' चमकदार असतं, ओढणीसाठी सुंदर.

'तिनालाक' मात्र कपड्यासारखं घेऊ नका. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या लेक सेबूच्या तिबोली जमातीतल्या बायका ते अबाकाच्या धाग्यांवर गाठी बांधून, रंगवून विणतात. नक्षी स्वप्नात दिसते अशी त्यांची श्रद्धा आहे. २०१५ मध्ये निवर्तलेल्या लांग दुलाय यांना याच विणकामासाठी १९९८ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला होता. हे कापड ओलांडायचं नाही, पायाखाली घालायचं नाही. ते भिंतीवर लावा. बाजारात त्याची नक्षी छापलेल्या पिशव्या स्वस्तात मिळतात. त्या घेऊ नका, त्यातला एक पेसोही विणणारीपर्यंत पोचत नाही. विकणाऱ्याला गाव आणि विणकराचं नाव विचारा. खरा विक्रेता आनंदाने सांगतो.

आठवी पायरी: घालून मिरवा

बारोंगखाली पातळ, पांढरा सुती बनियन, काळी विजार, टाय नाही. बायकांसाठी 'किमोना' नावाचा सैल, झिरझिरीत पोलका सुती झग्यावर किंवा चौकड्यांच्या 'पातादयोंग'वर शोभतो. मी तो सुती परकरावरही घालते. फुलपाखरासारख्या उभ्या बाह्यांचा 'तेर्नो' मात्र समारंभाचा पोशाख आहे. ब्लाउज, स्कर्ट आणि खांद्यावरचा रुमाल असे सुटे भाग एकत्र करून त्याला आजचं रूप देण्याचं श्रेय रामोन वालेरा यांना देतात. २००६ मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय कलाकार हा किताब मिळाला. शिंप्याच्या कामाला देशाने असा मान द्यावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घालायची जागा म्हणजे मे महिन्यातली सांताक्रूझान. सम्राज्ञी हेलेनाने येशूच्या क्रूसाचा शोध घेतला, त्याची ही मिरवणूक. वस्तीतल्या मुली राण्या होऊन फुलांच्या कमानीखालून चालतात, शेवटी रेयना एलेना, म्हणजे राणी हेलेना, आणि तिचा हात धरलेला तिचा मुलगा, छोटा कॉन्स्टंटाईन. अंगावर पिन्या, तेर्नो, कधी इनाबेल. ही प्रार्थना आहे हे लक्षात ठेवून रस्त्याच्या कडेला उभे राहा, चर्चमध्ये खांदे झाकलेले असू द्या. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत लोलाची नात राणी होती. तिच्या अंगावरचा सदऱ्याचा भाग लोलाच्या लग्नातल्या पिन्यातून काढलेला होता.

घरी आल्यावर एवढं करा. पिन्या हाताने, साध्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. घडी घालून ठेवलं तर घडीवर धागा तुटतो, म्हणून पांढऱ्या सुती कापडात गुंडाळी करून ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने डाग पडतात. जून ते नोव्हेंबर महिन्यातून एकदा, ऊन नसलेल्या कोरड्या दिवशी, पंख्याखाली उलगडून तासभर पसरून ठेवा.